हवाई बेटांवरील चितळाची शिकार: वारा, मादीची निवड आणि मांसाची राखण

ताडोबाच्या किंवा पेंचच्या जंगलात ठिपक्यांचा जो कळप दिसताच आपण गाडी थांबवायला सांगतो, त्याच जातीचा कळप हवाई बेटांच्या कोरड्या उतारांवर चरताना दिसतो, तेव्हा मराठी माणसाला क्षणभर आपण कुठे आहोत याचा विसर पडतो. भोवतालची झाडेसुद्धा ओळखीची निघतात. तिथे ज्याला कियावे म्हणतात ती आपल्या वेड्या बाभळीची बहीण आहे, हाओले कोआ म्हणजे आपली सुबाभूळ, आणि मधल्या मोकळ्या जागा घाणेरीने व गिनी गवताने व्यापलेल्या असतात. साळुंक्या आणि तित्तरही आहेत. नाही तो वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा, आणि या उणिवेमुळेच तिथे चितळाच्या शिकारीला जमीन, जंगल आणि समुद्रकिनारा राखण्याच्या कामाचे स्वरूप आले आहे. भारतात चितळाची शिकार १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने बंद आहे, आणि ब्रिटिशांनी अंदमानात नेऊन सोडलेल्या चितळांनाही तोच कायदा लागू आहे. म्हणून पुढील प्रत्येक सूचना फक्त हवाई राज्यापुरती समजावी.

मादीची शिकार का करावी

१८६७ च्या अखेरीस हाँगकाँगहून हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा याच्यासाठी भेट म्हणून काही चितळे होनोलुलूला पोहोचली आणि जानेवारी १८६८ मध्ये ती मोलोकाई बेटावर सोडण्यात आली. मूठभर जनावरांचा तो कळप इतका वाढला की १९०० च्या सुमारास त्यांना मारण्यासाठी बाहेरून व्यावसायिक शिकारी आणावे लागले. १९२० साली लानाईवर, तर १९५९ आणि १९६० साली माउईवर शिकारीसाठी म्हणून चितळे नेण्यात आली. हवाई बेटांचा स्वतःचा जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे केवळ एक वटवाघूळ. त्यामुळे तिथल्या मूळ वनस्पतींना खुरांच्या आणि चरणाऱ्या तोंडांच्या विरुद्ध काटे किंवा कडवटपणा धारण करण्याची गरज कधी पडली नव्हती. चितळांनी उतार उघडे केले, की पावसाबरोबर लाल माती वाहत खाली जाते आणि मोलोकाईच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या प्रवाळावर गाळ होऊन बसते. दुष्काळात हाल चितळांचेही होतात. २०२१ च्या सुरुवातीला मोलोकाईवर शेकडो चितळे अन्नावाचून मेली.

निर्बंध नसलेला कळप वर्षाला २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तीनचार वर्षांत दुप्पट होतो. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे मोठ्या शिंगांचे नर कितीही मारले तरी पुढच्या वर्षीच्या पाडसांच्या संख्येत फरक पडत नाही. भिंतीवर शिंगे लावण्याची इच्छा मी समजू शकतो, आणि नियमानुसार एखादा नर घेण्यात गैर काही नाही. मात्र जो शिकारी परवान्यावर मादीची मुभा असताना ती सोडून देतो आणि फक्त नराच्या मागे धावतो, तो बेटाच्या दृष्टीने जवळजवळ रिकाम्या हातानेच परततो. मादीचे मांस अधिक कोवळे असते, आणि साधारण ४० ते ५० किलो वजनाची मादी एकट्या माणसाला तुकडे करून वाहून आणता येते, हा तिच्या बाजूचा आणखी एक मुद्दा. पूर्ण वाढलेला नर ७० किलोच्या आसपास भरतो.

मादी निवडताना पाडसाचा विचार करावाच लागतो. हवाईमध्ये माज वर्षभर थोडाफार चालू असला तरी त्याचा भर एप्रिल ते ऑगस्टमध्ये असतो, गर्भकाळ सुमारे साडेसात महिन्यांचा असतो, आणि म्हणून बरीचशी पाडसे हिवाळ्याच्या आगेमागे जन्मतात. ज्या क्षेत्रात हंगामाचे बंधन नाही तिथे ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, कारण आदल्या हिवाळ्यातली पाडसे तोवर स्वतः चरू लागलेली असतात. इतर वेळी मादीवर नेम धरण्यापूर्वी पाच मिनिटे दुर्बिणीतून तिच्या आसपासचे गवत न्याहाळावे; लहान पाडूस गवतात बसून राहते आणि आई उभी राहिली तरी ते उठेलच असे नाही. ठिपक्यांवरून पाडूस ओळखू येत नाही, कारण चितळाचे ठिपके आयुष्यभर टिकतात. अंगाचा आकार आणि तोंडाची लांबी यांवरूनच वय जोखावे.

परवाना आणि परवानगी

हवाईमध्ये खासगी जमिनीवर शिकार करायची असली तरी राज्याचा शिकार परवाना लागतो, आणि तो मिळवण्यासाठी शिकारी-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. परवान्याचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे मोजले जाते, त्यामुळे उन्हाळ्यात प्रवासाची तारीख ठरवताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सार्वजनिक क्षेत्रांचे नियम राज्याच्या वन व वन्यजीव विभागाकडून जाहीर होतात. कोणत्या क्षेत्रात कोणत्या वारी, कोणत्या हत्याराने, किती जनावरे घेता येतात हे क्षेत्रागणिक बदलते, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीचे पत्रक स्वतः वाचावे, कुणाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये. लानाईवरील सार्वजनिक क्षेत्रात चितळाच्या हंगामासाठी सोडत काढली जाते आणि तिचा अर्ज बराच आधी करावा लागतो. राज्याबाहेरून रायफल आणल्यास पोहोचल्यापासून ५ दिवसांच्या आत पोलिसांकडे तिची नोंदणी करणे बंधनकारक आहे. सार्वजनिक क्षेत्रात झगझगीत नारिंगी रंगाचे वरचे वस्त्र घालावे लागते, आणि चितळाला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नसल्याने त्याने शिकारीत अडथळा येत नाही.

माउईवरील बरीचशी चितळे खासगी कुरणांवर असतात. तिथे जमीनमालकाची लेखी परवानगी घ्यावी किंवा परवानाधारक वाटाड्याबरोबर जावे. मोलोकाईबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. तिथल्या अनेक घरांत चितळाचे मांस हेच रोजचे मांस आहे, आणि पाहुण्याने येऊन जवळच्या, सोप्या जागी गोळ्या झाडणे म्हणजे कुणाच्या तरी कोठारात हात घालण्यासारखे आहे. तिथे गावातल्या माणसाच्या निमंत्रणावाचून जाऊ नये, आणि गेलात तर मांसाचा मोठा वाटा तिथेच द्यावा. कोणत्याही बेटावर दगडी रचलेल्या जुन्या भिंती आणि चौथरे दिसले तर त्यांवर चढू नये, बसू नये, त्यांचा आडोसा म्हणून वापर करू नये; ती देवस्थाने असू शकतात. जिवंत चितळ एका बेटावरून दुसऱ्यावर नेणे हा गुन्हा आहे. मोठ्या हवाई बेटावर २००९ मध्ये अशी चोरटी आयात झाली होती, आणि त्यानंतर २०१२ मध्ये याविषयी कडक कायदा झाला.

हत्यार

याविषयी लोक फार बोलतात, पण मुद्दा लहान आहे. चितळ हे मध्यम अंगाचे, पातळ कातडीचे जनावर आहे आणि .२४३, ६.५ क्रीडमूर, .२७० किंवा .३०८ यांपैकी कोणतीही रायफल त्याला पुरते. राज्याच्या नियमानुसार नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान १२०० फूट-पाउंड असावी लागते, आणि ही सर्व काडतुसे ती मर्यादा सहज ओलांडतात. तांब्याची गोळी घ्यावी, कारण शिशाचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात आणि ते मांस घरातली मुले खाणार असतात. विमानाच्या प्रवासात रायफलवरच्या दुर्बिणीची जुळणी हलू शकते, म्हणून बेटावर पोहोचल्यावर १०० मीटरवर तीन गोळ्या झाडून नेम तपासल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये.

धनुष्याने शिकार करणाऱ्यांना एक इशारा द्यावासा वाटतो. चितळाचे स्नायू प्रत्यंचेच्या आवाजावर इतक्या झपाट्याने आखडतात की बाण पोहोचेपर्यंत जनावर खाली दबलेले असते आणि बाण पाठीवरून निघून जातो. सावध उभ्या असलेल्या चितळावर बाण सोडूच नये. २५ मीटरच्या आत, मान खाली घालून चरत असलेल्या जनावरावर, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम धरावा.

वारा आणि कळप

चितळाची सावधगिरी वाघ-बिबट्यांच्या संगतीत घडलेली आहे आणि दीडशे वर्षे वाघ न पाहताही ती कमी झालेली नाही. वीस जनावरांच्या कळपाला चाळीस डोळे असतात, आणि त्यांतले काही नेहमी वर असतात. एखाद्या मादीला संशय आला की ती मान ताठ करते, पुढचा पाय जमिनीवर आपटते, आणि खात्री पटली की तीक्ष्ण स्वरात ओरडते. त्या एका हाकेनंतर आसपासचे सगळे रान जागे होते. मान ताठ झालेली दिसताच जसे असाल तसे थांबावे, अगदी एक पाय उचललेला असला तरी, आणि कळप पुन्हा चरू लागल्यावरही दोन मिनिटे हलू नये. झुडपातून फडफडत उठणारा तित्तरही तुमची चुगली करतो, म्हणून गवताच्या कडेने चालताना पुढचे दहा पाऊल आधी डोळ्यांनी चालून घ्यावेत.

शिकारीचा दबाव असलेल्या ठिकाणी चितळे रात्री उघड्यावर चरतात आणि उजाडताना कियावेच्या दाट रानात सावलीला परततात. रात्रीची शिकार सार्वजनिक क्षेत्रात निषिद्ध आहे आणि सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच मुभा असते; म्हणून चरण्याची जागा आणि सावलीची जागा यांच्या मधली वाट शोधणे हेच खरे काम आहे. आदल्या दुपारी जाऊन ताजे ठसे, चमकदार ओल्या लेंड्या, कुंपणाखालून घासून गुळगुळीत झालेली माती आणि तारेत अडकलेले केस पाहावेत. कोरड्या बाजूला गुरांच्या पाण्याची डोणी असेल तर तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटांवरून कळपाचा दिनक्रम वाचता येतो. उन्हाळ्यात कियावेच्या शेंगा गळू लागल्या की चितळे भर दुपारीही त्या झाडांखाली घोटाळतात.

या सगळ्यावर मात करणारी गोष्ट म्हणजे वारा. बेटांवर वर्षाचा बहुतेक काळ ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात, आणि नवशिका तेवढेच ध्यानात ठेवून नैऋत्येकडून चढू लागतो. डोंगराच्या आडोशाच्या बाजूला मात्र व्यापारी वारा अडतो आणि तिथे उताराचा स्वतःचा वारा राज्य करतो: रात्रभर थंड झालेली हवा पहाटे उतारावरून खाली सरकत असते, आणि ऊन तापले की तीच हवा वर चढू लागते. त्यामुळे माउईच्या हालेआकालाच्या कोरड्या उतारावर पहाटे कळपाच्या खालच्या अंगाने जावे, आणि सकाळचे आठ-नऊ वाजून वारा फिरण्याची चिन्हे दिसताच वळसा घालून कळपाच्या वर यावे. हा पालट पंधरावीस मिनिटांत होतो आणि त्या वेळी हवा कुठेही भरकटते. अशा वेळी पुढे सरकण्यापेक्षा दगडाआड बसून राहणे शहाणपणाचे. माझ्या पहिल्या दोन्ही सकाळी मी याच पंधरा मिनिटांत कळप उधळून लावला होता. खिशात टाल्कम पावडरची लहान बाटली ठेवावी आणि दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून पाहावे. ओले बोट वर धरून जे कळत नाही ते पावडर दाखवते.

नेम

गोळी केवळ आडव्या उभ्या असलेल्या किंवा किंचित पलीकडे वळलेल्या जनावरावर झाडावी. पुढच्या पायाच्या मागच्या रेषेत, छातीच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर नेम धरल्यास हृदय आणि फुप्फुसे दोन्ही वाटेत येतात. जनावर पलीकडे वळलेले असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या दिशेने गोळी जाईल असा नेम घ्यावा. चितळाच्या बाबतीत घाई करण्याचा मोठा धोका असा की कळप एकमेकांवर आच्छादलेला उभा असतो आणि गोळी पहिल्या जनावरातून आरपार जाऊन मागच्याला जखमी करते. निवडलेली मादी एकटी उभी राहीपर्यंत थांबावे, आणि ती राहिली नाही तर गोळी न झाडता परतावे. तिच्या मागे माती असलीच पाहिजे. कड्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या जनावरावर गोळी झाडू नये, आणि लाव्हाच्या खडकावरून गोळी कुठल्याही दिशेला उसळते हेही विसरू नये.

गोळी लागल्यावर जनावर जिथे उभे होते ती जागा एखाद्या झाडाच्या किंवा दगडाच्या आधारे मनात पक्की करावी आणि पंधरा मिनिटे बसून राहावे. फेसाळ, उजळ रक्त फुप्फुसाची खूण आहे, काळपट रक्त यकृताची, आणि हिरवट डाग व आंबूस वास आतड्यांची. तांबड्या मातीवर रक्त जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे ते गवताच्या पात्यांवर आणि कियावेच्या खोडांवर शोधावे. शंका आल्यास हायड्रोजन पेरॉक्साइडचा फवारा मारावा, रक्त असेल तर फेस येतो. उष्ण कटिबंधात संधिप्रकाश फार थोडा वेळ टिकतो. सूर्य टेकल्यावर घेतलेल्या गोळीचा माग अंधारातच काढावा लागतो, म्हणून संध्याकाळी शेवटच्या वीस मिनिटांत मी बंदूक खाली ठेवतो.

मांस

थंड देशांत जनावर रात्रभर टांगून ठेवतात. हवाईमध्ये ३० अंशांच्या हवेत तसे केल्यास सकाळी मांस फेकावे लागते. जनावराचे शरीर आतून उबदार असते, कातडी ती ऊब कोंडून ठेवते, आणि सडणे मांडीच्या हाडापाशी, जिथे मांस सर्वांत जाड असते तिथे, सुरू होते. मी पहिली मादी मिळाल्यावर छायाचित्रे आणि गप्पांत दोन तास घालवले होते आणि तिच्या दोन्ही मांड्या हाडापाशी आंबूस निघाल्या. एका जनावराचा जीव घेऊन त्याचे अर्धे मांस वाया घालवल्याची खंत अजून जात नाही.

त्यामुळे जनावर पडल्यापासून अर्ध्या तासाच्या आत काम सुरू व्हावे. ते सावलीत ओढून घ्यावे, हातमोजे घालावेत, आणि पोट न फोडता तुकडे करण्याची पद्धत वापरावी: पाठीच्या कण्यावरून कातडी चिरून एक बाजू सोलायची, पुढचा फरा हाडाच्या सांध्याविना केवळ स्नायूंनी जोडलेला असल्याने तो सुरीने सहज सुटतो, मग मागची मांडी खुब्याच्या सांध्यापाशी सोडवायची, कण्यालगतची लांब पट्टी काढायची, आणि जनावर उलटवून तेच दुसऱ्या बाजूने करायचे. आतल्या अंगाची मऊ पट्टी शेवटच्या बरगडीमागून हात घालून काढता येते. सुरी नेहमी कातडीच्या आतून बाहेर चालवावी, म्हणजे केस मांसावर पडत नाहीत. मागच्या पायांवरच्या आणि डोळ्यांजवळच्या ग्रंथींना हात लागला तर मोजे बदलावेत.

तुकडे हवा खेळेल अशा सुती पिशव्यांत भरावेत, कारण माश्या पाच मिनिटांत जमतात, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ऊब कोंडते. गाडीतल्या बर्फाच्या पेटीत पाणी गोठवलेल्या बाटल्या ठेवाव्यात आणि मांस त्यांच्यावर रचावे. सुटा बर्फ वापरल्यास पेटीची खालची तोटी उघडी ठेवावी, कारण वितळलेल्या पाण्यात भिजलेले मांस पांढरट आणि बेचव होते. घरी १ ते ४ अंशांवर तीनचार दिवस ठेवल्यावर ते मऊ पडते आणि मगच गोठवावे. चितळाच्या मांसात चरबी अगदी कमी असते, त्यामुळे पाठीची पट्टी जास्त शिजवली तर कोरडी होते. खिमा मात्र आतपर्यंत ७१ अंश होईपर्यंत शिजवावाच.

तुकडे झाल्यावर छाती उघडून फुप्फुसे आणि बरगड्यांची आतली बाजू एकदा पाहावी. मोलोकाईवर गुरांमध्ये क्षयरोग आढळलेला आहे, म्हणून मोत्यांसारख्या गाठी दिसल्यास मांस खाऊ नये आणि अधिकाऱ्यांना कळवावे. ओढ्याच्या पाण्याने हात किंवा मांस धुऊ नये, कारण त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. धुण्यासाठी आणि पिण्यासाठी माणशी किमान चार लिटर पाणी बरोबर न्यावे.

परतताना बूट, मोजे आणि पाठपिशवीची बूडबाजू घासून त्यांतले बी आणि माती काढावी, आणि मग बुटांच्या तळांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारावे. ओहिआ ही तिथली मूळ वृक्षजाती मातीतूनही पसरणाऱ्या बुरशीने मरत आहे, आणि एका बेटावरची चिखलाची ढेप दुसऱ्या बेटावर नेण्याचे काम बऱ्याचदा बूटच करतात. बूट उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय पुढच्या बेटाच्या सामानात बांधू नयेत.